ब्रशनं केलेला दाढीचा फेस दोन मिनिटांत बसतोय? आधी पाणी बघा

आधी लक्षणं सांगतो, जुळत असली तरच पुढं वाचा. ब्रश भिजवला, साबणावर फिरवला, वाटीत फेस बरा चढला, दोन्ही गालांना लावला आणि रेझर उचलेपर्यंत डाव्या गालावरचा फेस गायब. तिथं नुसता पांढरट पातळ थर, बोट फिरवलं तर दही फाटल्यासारखे बारीक कण हाताला लागतात. मग परत ब्रश, परत साबण, परत तेच. वाटीच्या कडेला राखाडी कड धरते, बेसिनला तसलीच, पत्तीवर चिकट काहीतरी बसतं. दाढी होते पण ओढत ओढत होते अन् दुपारपर्यंत मान जळजळते. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की रोज असं होत नाही, आठवड्यात एखाद-दोन दिवस फेस असा काही होतो की सलूनवाल्यानं बघत राहावं, बाकीचे दिवस फुस्स.

माझ्याकडं लातुरात हे चार महिने चाललं. त्या चार महिन्यांत तीन साबण, दोन ट्यूबा आणि एक जास्तीचा ब्रश घेऊन झाला, घरात सगळ्यांनी नावं ठेवून झाली.

मुळात मी फोमवाला माणूस. डब्यातल्या फोमची सवय मला २०१६ च्या उन्हाळ्यात लागली. तो उन्हाळा इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती जलदूत, पहिल्या खेपेला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर. त्या दिवसांत दाढीला मग्गाभर पाणी घेणं म्हणजे घरात भांडण. फोमला काय, हातावर घ्या, फासा, दाढी करा, ओल्या फडक्यानं पुसा, झालं. पाणी पुढं आलं पण डबा तसाच राहिला, आठ-नऊ वर्षं. मग मागच्या दिवाळीत एक डबा अर्ध्यातच फुसफुसायला लागला, हलवला तर आत माल आहे हे कळतंय, पण गॅस गेलेला, वरचं बटण दाबलं की नुसती हवा. तसे लागोपाठ दोन निघाले. म्हटलं बस झालं, आबा जन्मभर ब्रश अन् गोल साबणावर दाढी करत होते, आपल्याला काय धाड भरलीय. एका डब्याच्या पैशात डुकराच्या केसाचा साधा ब्रश आणि साबण दोन्ही आलं, थोडे पैसे उरले बी.

पहिल्या आठवड्यात वाटलं हाताला सवय नाही म्हणून होत असेल. सलूनमधल्या मामांना विचारलं. ते म्हणले करून दाखवा. मी तिथंच त्यांच्या वाटीत ब्रश भिजवला, साबणावर सात-आठ वेळा फिरवला अन् गालाला न्यायला लागलो, तर मामा हसायला लागले, "काय करूलालाव तुम्ही, ब्रशाला साबण नुसता दाखवूलालाव का? घासा की."

हे खरं होतं आणि ही माझी पहिली चूक होती, त्यामुळं पाण्याकडं जायच्या आधी हे सांगून घेतो. फोमला सवयलेला माणूस साबण घ्यायला कंजूष असतो, त्याला वाटतं फेस दिसला म्हणजे साबण आला. तसं नसतं. ब्रश भिजवून झटकायचा, टपटप पाणी गळता कामा नये, मग साबणावर चांगला अर्धा मिनिट, आमच्याकडं तर पाऊण मिनिट, दाबून गोल फिरवायचा. आधी मोठे मोठे बुडबुडे येतात, ते सोडून द्या, त्यात काही नसतं. फिरवत राहिलं की बुडबुडे जाऊन ब्रशाच्या टोकांवर लेईसारखा घट्ट लेप दिसायला लागतो, केस एकमेकांना चिकटतात. तिथं थांबायचं. आता या लेपात पाणी घालायचं, ते बी थेंबानं, ब्रशाचं नुसतं टोक पाण्याला लावून. चार-पाच थेंब, गालावर फिरवा, परत चार-पाच थेंब. फेस चमकायला लागला, पातळ दह्यासारखा झाला, मधे बुडबुडे दिसेनात की झाला. ट्यूब असेल तर बदामाएवढी घ्या, शेंगदाण्याएवढी नको. पोहे करताना पाण्याचा अंदाज जसा हातालाच येतो तसं आहे हे, दहा-बारा दिवसांत येतो.

तर मामांच्या सांगण्यावरून साबण वाढवला, निम्मा त्रास गेला. पण निम्माच. फुस्स व्हायचे दिवस कमी झाले, गेले नाहीत. आणि सलूनमध्ये माझ्याच ब्रशानं फेस उत्तम झाला होता ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही, वाटलं मामांचा हातगुण.

मग संशय साबणावर. गोल साबण बदलला, ट्यूब आणली, वासाची आणली, बिनवासाची आणली. एकदा तर आंघोळीच्या साबणावर ब्रश फिरवून बघितला. ते करू नका. आंघोळीचा साबण बहुतेक सोडियमचा असतो, फेस भसाभस येतो आणि तेवढ्याच घाईनं वाळतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड जास्त असतं, पोटॅशियमचा साबण असतो, वरून ग्लिसरीन, त्यामुळं फेस बारीक होतो, टिकतो, ओला राहतो.

मग ब्रशावर. दुसरा घेतला, नायलॉनचा. त्याचं एक बरं, भिजत घालावा लागत नाही, लगेच वाळतो. डुकराच्या केसाच्या ब्रशाला पाच-दहा मिनिटं भिजवावं लागतं आणि पहिले पंधरा-वीस दिवस तो जरा वास मारतो, केस सोडतो, ते चालायचंच. पण त्रास दोन्ही ब्रशांना सारखाच.

उलगडा नांदेडला झाला. अक्काकडं चार दिवस गेलो होतो, तोच ब्रश, तीच ट्यूब, तिच्या बेसिनवर फेस केला तर असा चढला की तोंड सांताक्लॉजसारखं, भाचा फोटो काढायला लागला. चारही दिवस. एकदा बी बसला नाही. अक्काकडं नळाचं पाणी, विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं. आणि माझ्याकडं? इथं माझी ट्यूब पेटली. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, नळ येतो तेव्हा वरची टाकी नळाच्या पाण्यानं भरते, ती संपली की बोअर चालू. घरी आल्यावर कॅलेंडरवर खुणा करायला लागलो, नळ आला त्या दिवशी दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत एक टिंब, फेस चांगला झाला तर फुली. तीन आठवड्यांत चित्र लख्ख. टिंबाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुली, पुढं रिकामी घरं. बायको म्हणली, "अहो, मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तिथं तुमचा फेस काय होणार." बरोबर आहे, घरात हे सगळ्यांना माहीत होतं. डाळ जारच्या पाण्यात लावतात, हिटरच्या रॉडवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोट्या जाम होतात, केस धुतले की खराट्यासारखे होतात. ही सगळी एकाच घरची लेकरं आहेत, फक्त दाढीचा फेस त्यातलाच एक हे मला सुचलं नाही.

होतं काय, तर जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण पाण्यात गेला की ते साबणातलं आम्ल धरतं आणि जो नवा पदार्थ होतो तो पाण्यात विरघळतच नाही. तोच तो दह्याच्या कणासारखा चोथा, तीच वाटीची कड. त्याचा फेस होत नाही, उलट झालेला फेस तो फोडतो. हिशेबच करायचा तर एक ग्रॅम काठिण्य, म्हणजे हाच जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापानं, साधारण सहा ग्रॅम साबण खातं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचं काठिण्य चांगलं धरलंय आणि दुसरं पाणीच नसलं तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. ६०० चं पाणी धरलं तरी लिटरमागं साडेतीन ग्रॅमच्या वर साबण निव्वळ चोथा. दाढीला आपण लिटरभर वापरत नाही, अर्धी वाटी वापरतो, म्हणून तर मामांचा साबण वाढवायचा उपाय निम्मा चालला, पाण्याचा वाटा देऊन वर थोडा उरतो.

मग मला प्रश्न पडला की हेच पाणी आठ-नऊ वर्षं होतं, फोमला कामून काही झालं नाही. अडगळीत तो गॅस गेलेला डबा होताच, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलाच शब्द ॲक्वा. म्हणजे पाणी. त्यापुढं स्टिअरिक ॲसिड, ट्रायइथॅनॉलअमाइन, मग ब्युटेन-प्रोपेन. म्हणजे फोम म्हणजे दुसरं काही नाही, तोही साबणाचाच फेस, फक्त तो कारखान्यातल्या क्षार काढलेल्या पाण्यात आधीच कालवून गॅससकट डब्यात भरलेला. डबा स्वतःचं पाणी घेऊन येत होता! २०१६ ला मला तेच तर पाहिजे होतं. आता साबण मी आणला, ब्रश मी आणला, पाण्याचं मात्र कुणी विचारलं नाही.

तुमच्याकडं हाच घोळ आहे का ते पाच मिनिटांत कळतं. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं, म्हणजे फिल्टरनं क्षार काढलेलं, दोन्हींत साबणाचा नखाएवढा कीस टाका, खराखुरा साबण पाहिजे, शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड नको कारण त्याला जड पाणी फारसं बाधत नाही, आणि दहा वेळा खळखळून हलवा. हलक्या पाण्यावर फेसाचा थर उभा राहतो अन् खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. जड पाणी दुधाळ होतं, वर फेस नावाला, तळाला कण. माझ्या बोअरच्या बाटलीत तर पातळ ताक झालं होतं.

टीडीएसच्या मीटरवर मात्र जाऊ नका. फिल्टर दुरुस्तीवाला पोरगा येतो, पेनासारखं मीटर बुडवतो, आकडा दाखवतो अन् घाबरवून जातो. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळेच क्षार, त्यात साधं मीठ बी आलं, आणि साबणाचं वाकडं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी आहे. खरा आकडा पाहिजे असेल तर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटली द्या आणि एकूण काठिण्य किती ते विचारा. ज्यांच्या घरी सॉफ्टनर बसवलेला आहे त्यांनी तर टीडीएस बघूच नये, सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो, आकडा जवळपास तिथंच राहतो अन् फेस मात्र झकास होतो.

आता उपाय. माझा चालू असलेला उपाय सांगतो, हसू नका. जारचं पाणी. २० लिटरचा आरओच्या पाण्याचा जार घरात येतोच, त्यातलं फुलपात्रभर घ्यायचं, गरम करायचं, त्यात ब्रश भिजवायचा आणि त्याच पाण्यानं फेस करायचा. तोंड बोअरच्या पाण्यानं धुवायचं असेल तर ते आधी धुवा आणि ब्रश लावायच्या आधी जारच्या पाण्याचा एक हबका मारा, नाहीतर गालावरचंच बोअरचं पाणी फेसात मिसळतं, ही बारीक गोष्ट आहे पण तिच्यामुळं माझे पहिले दोन दिवस वाया गेले. रेझर खंगाळायला मग्ग्यात बोअरचंच पाणी चालतं, पत्ती झटकून लावायची. म्हणजे लागतंय किती, अर्धा-पाऊण पेला. तरी आईला पटायला वेळ लागला, "प्यायला इकत आणायचं अन् ह्यो दाढ्या करणार त्यात!" तिचंही बरोबर, तिनं हापशाला रांगा लावून दिवस काढलेत. मग तिला पाणी पेल्यात मोजून दाखवलं, तेव्हा मिटलं. एक सांगून ठेवतो, घरी आरओ असेल तर त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी चुकूनही फेसाला घेऊ नका, गाळलेले सगळे क्षार त्याच्यातच गोळा झालेले असतात.

उकळून चालतं का? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. जडपणा दोन तऱ्हेचा, एक उकळल्यावर भांड्याच्या तळाला पांढरा बसून जातो तो, तो बायकार्बोनेटचा. दुसरा सल्फेट-क्लोराइडचा, तो कितीही उकळा हलत नाही. उकळा, निवू द्या, वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि परत बाटलीची परीक्षा करा, कळेलच. आमच्याकडं उकळून थोडा फरक पडला, पुरा नाही. पावसाळ्यात मात्र मजा असते, पहिले दोन-तीन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्यायचे, मग पागोळीखाली बादली लावायची, फडक्यातून गाळून झाकून ठेवायचं. पागोळीच्या पाण्यात तीच स्वस्तातली ट्यूब असा फेस देते की बस. गावाकडं आबांचा साबण सहा-सहा महिने जायचा त्याचं कारण बी आता कळतंय, ते आडाच्या गोड्या पाण्यावर दाढी करत होते. तो आड आता आटलाय, तिथं बी बोअरच आहे, आणि खोल बोअरचं पाणी खडकात जास्त मुरलेलं, त्यात बहुतेक वेळा क्षार जास्त.

तुरटीचा माझा पराक्रम सांगायचा राहिला. तुरटी पाणी शुद्ध करते हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हटलं मग्ग्यात तुरटी फिरवू, जडपणा बसेल खाली. फिरवली आणि त्यात ब्रश बुडवला. जो काही थोडाफार फेस व्हायचा तो बी गेला, ब्रशाला नुसती चिकट साय. तुरटी गढूळपणा खाली बसवते, माती बसवते, कॅल्शियमला ती हात लावत नाही. वरून ती स्वतः आंबट, तिच्यात ॲल्युमिनियम, ते साबणाला कॅल्शियमइतकंच मारक. तुरटीची जागा दाढी झाल्यावर, तोंड धुऊन ओल्या गालावर फिरवायची, कापलेलं रक्त थांबतं, आग होते ती दाढी कुठं चुकली ते सांगते. पण तुरटी लागलेल्या हातानं दुसऱ्यांदा फेस लावायला जाऊ नका, आधी हात धुवा.

जारचं पाणी घेऊनही फेस वाळत असेल तर वर बघा. पंखा चालू आहे का? आपल्याकडं मार्च ते मे हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, त्यात पंखा किंवा कुलर तोंडावर असला तर कुठलाच फेस टिकत नाही. मामा उन्हाळ्यात फेस लावताना पंख्याचं बटण बंद करतात, गिऱ्हाईक ओरडतं तरी करतात. मी एकदम दोन्ही गाल माखत नाही आता, एक गाल लावतो, उरकतो, मग दुसरा.

आणि ब्रश साफ करा एकदा. आधीच्या चार महिन्यांचा चोथा बुडाशी, मुठीजवळ केसांत साचलेला असतो, वरून दिसत नाही, केस फाकवून बघा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व, ब्रश पाच मिनिटं त्यात, अधूनमधून ढवळायचा, मग चांगल्या पाण्यानं दोनदा धुवायचा. माझ्या ब्रशातून निघालेलं पाणी बघून बायकोनं तो पेला कायमचा बाथरूमला देऊन टाकला. धुतल्यावर ब्रशाचे केस मोकळे झाले, साबण कमी लागायला लागला. आता महिन्यातून एकदा करतो. लिंबूसत्व फेसाच्या पाण्यात मात्र टाकू नका, जरा जास्त झालं की आंबटपणानं साबणच फाटतो.

एवढं सगळं करून माझी मान अजून कधीकधी जळजळते. ते पाण्याचं नाही. फोमवर असताना मी हनुवटीखाली खालून वर पत्ती फिरवायचो, दाबून, तीच खोड ब्रशावर आल्यावर बी राहिली होती. मामांनी मानेवर बोट फिरवून दाखवलं, माझे केस तिथं आडवे वाढतात, कानाकडून घाटीकडं. आता त्या दिशेनं हलक्या हातानं एकदाच फिरवतो, थोडे खुंट राहतात, राहू देतो.